समुद्रेसाहेबांचे सत्तावीस मिलिमीटर

काचवाल्यानं चहा विचारला नाही, तेव्हाच समुद्रेसाहेबांना संशय आला.

चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला चहा विचारणारा दुकानदार संशयास्पद वाटतोच. पण न विचारणारा त्याहून जास्त वाटतो. विचारणाऱ्याकडं लपवण्यासारखं काहीतरी असतं. न विचारणाऱ्यानं ते आधीच लपवलेलं असतं.

"बाबांनी सांगितलंय, साहेबांना च्या विचारायचा न्हाय म्हणून," राजारामपुरीतला तो तरुण काचवाला, अनेकांत मगदूम, स्वतःहून म्हणाला. "तुम्ही घेत न्हाईसा म्हणं."

"बाबांनी आणखी काय सांगितलंय?"

"काय न्हाय."

म्हणजे बरंच काही सांगितलेलं होतं. साहेबांनी डायरीत तशी नोंद केली आणि मग कामाचं बोलायला सुरुवात केली.

काम अगदी साधं होतं. शांतवन समुद्रे ज्या चर्चच्या पंचकमिटीचे सेक्रेटरी होते, त्या चर्चला काचेचा दरवाजा बसवायचा होता. चर्च एकशे चाळीस वर्षांचं, काळ्या दगडाचं आणि थेट रस्त्यावर. सागवानी दार इतकं थोरलं की ते बंद दिसलं तर लोक 'आज उपासना नाही वाटतं' म्हणून परस्पर घरी जायचे. म्हणून रविवारी ते सताड उघडं ठेवावं लागे. मग रिक्षांचे हॉर्न आत येत, धूळ येई, पारवे येत, आणि तिसऱ्या गीताला एक कुत्रं येऊन बसे ते बरोबर दानाच्या थैल्या फिरायच्या आधी उठून जाई. सागवानी दार आहे तिथंच, आहे तसंच ठेवायचं आणि आतून काचेचं दार लावायचं, असा ठराव होता. प्रकाश येईल, आवाज येणार नाही, कुत्र्याला थैलीपर्यंत थांबावं लागेल.

ठरावाला सगळ्या पुरुष सभासदांनी विरोध केला. "वारसा हाय आपला," म्हणाले. ज्या लोकांनी स्वतःच्या घरातले पितळी हंडे कधीच मोडीत घातले होते, त्यांना एकाएकी वारशाचा उमाळा आलेला बघून साहेबांचा संशय बळावला. त्यांनी दोन रविवार बारकाईनं पाहणी केली. सव्वादहाला पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले की एकेका पुरुषाला फोन येई. फोन कानाला लावून तो बाहेर जाई आणि समोरच्या मिसळीच्या गाड्यावर बराच वेळ बोलत बसे. पहिला जाणारा सागवानी दाराची एक फळी अर्धी लोटून जात असल्यानं व्यासपीठावरून गाडा दिसत नव्हता. काचेतून तो रश्श्याच्या तर्रीसकट दिसणार होता. साहेबांनी हे निरीक्षण सभेत न मांडता फक्त पत्नीच्या, वर्षाराणीबाईंच्या कानावर घातलं. पुढच्या सभेत समस्त महिला मंडळ हजर राहिलं आणि ठराव प्रचंड बहुमतानं मंजूर झाला.

इमारत वारसा यादीत असल्यामुळं परवानगी हवी होती. ती देणाऱ्या कार्यालयाचं नाव इथं लिहीत नाही, कारण साहेब स्वतः सरकारी नोकरीतले. आपल्या घरातलं बाहेर काढू नये असं त्यांचं मत आहे. पहिलं पत्र आलं: प्रस्तावित दरवाजा दर्शनी भागातून दिसेल काय, याचा खुलासा व्हावा. साहेबांनी कळवलं, काचेचा असल्यानं दिसणार नाही. दुसरं पत्र आलं: दरवाजा दिसणार नसल्यास नागरिक धडकून इजा होण्याची शक्यता आहे, सबब त्यावर ठळक पट्टी लावावी. साहेबांनी कळवलं, लावू. तिसरं पत्र आलं: सदर पट्टी दर्शनी भागातून दिसत असल्यानं वारशास बाधा येते, सबब ती दिसणार नाही अशा रीतीनं ठळक लावावी.

दुसरा कुणी असता तर चिडला असता. साहेबांनी ते पत्र चार वेळा वाचलं आणि न पाहिलेल्या त्या लेखकाविषयी त्यांना आदर वाटला. असं वाक्य लिहायला हाडाचा माणूस लागतो. त्यांनी उत्तर पाठवलं: 'पट्टी ठळक व पारदर्शक लावण्यात येईल.' चौथ्या दिवशी परवानगी आली. इतक्या लवकर आल्यामुळं साहेबांना पुन्हा संशय आला आणि त्यांनी पत्रावरचा शिक्का भिंगाखाली तपासला. शिक्का खरा निघाला. त्यांना जरा चुकल्यासारखं झालं.

मापाचा प्रश्न निघाला तेव्हा शेजारच्या जोतीराम पाटलांनी सल्ला दिला. जोतीरामांनी आपल्या घरावर टप्प्याटप्प्यानं तीन मजले चढवले होते, त्यामुळं गल्लीत त्यांना बांधकामातलं कळतं असा समज होता. निदान त्यांचा तरी होता.

"काचवाल्याला माप घिऊ द्यायचं न्हाय, साहेब," ते कंपाउंडवरून म्हणाले. "माझ्या वरच्या मजल्याची खिडकी बघा येऊन. बंद केली तरी शेजारनं हात जातोय. मांजर तिथनं येतंय आणि तिथनंच जातंय. तुमच्यासारखा मापाचा माणूस असताना त्या पोराला कशाला माप घ्यायला लावतासा?"

साहेबांच्या मनात तेच होतं. दुसऱ्याच्या तोंडून ते ऐकल्यावर मात्र, जोतीराम आपल्या मनातलं का बोलतोय, असं त्यांना वाटून गेलं.

अनेकांत माप घ्यायला आला तो हातात डबीएवढं एक यंत्र घेऊन. कळ दाबली की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका उमटे आणि यंत्रावर आकडा येई.

"याच्यावर शिक्का कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"कसला शिक्का?"

"पडताळणीचा. सरकारी."

"साहेब, जपानी हाय."

"मग जपान सरकारचा दाखवा."

अनेकांतनं यंत्र खिशात ठेवलं. साहेबांनी आपलं मीटर काढलं. पितळी टोकांचं, शिसवी, घड्या उलगडल्या की दोन मीटर भरणारं, निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं भेट दिलेलं आणि भेट मिळाल्यावर साहेबांनी रांगेत उभं राहून रीतसर पडताळून आणलेलं. मग त्यांनी या काचवाल्याला मापाचा पहिला नियम समजावून सांगितला: माप हवेत धरायचं नाही. कापडदुकानात जो हवेत मीटर धरतो तो गिऱ्हाइकाचं बोटभर कापड खातो. मीटर आडवं हवं, सपाट हवं आणि टेकलेलं हवं. या नियमावर त्यांनी अख्ख्या जिल्ह्यातल्या कापडवाल्यांना सरळ केलं होतं.

चर्चच्या त्या दगडी दारात आडवी, सपाट आणि मीटर टेकेल अशी जागा एकच होती: उंबरा. साहेब गुडघे टेकून बसले. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत तीनदा माप घेतलं. तिन्ही वेळा अठराशे छत्तीस मिलिमीटर भरलं.

"जरा वर धरून बी बघूया की, साहेब," अनेकांत म्हणाला.

"वर टेकायला जागा आहे?"

"न्हाय."

"मग ते माप नव्हे. तो अंदाज."

"तसं न्हवं, काच टफन हाय. भट्टीतनं एकदा निघाली की कापता येत न्हाय. हत्यार लावलं की साबुदाणा हुतोय सगळा."

"मग हत्यार लावू नका," साहेब म्हणाले. त्यांनी मापाचा कागद कार्बन घालून दोन प्रतींत लिहिला, खाली सही केली, तारीख टाकली, मूळ प्रत अनेकांतला दिली आणि दुसरी डायरीत ठेवली.

काच आली त्या शनिवारी चर्चच्या दारात लग्नाइतकी गर्दी होती. सगळ्यात पुढं खुर्ची टाकून झुंबरबाई बसल्या होत्या. वय नव्वदच्या पुढं आणि कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही ही ख्याती. डॉक्टरनं गोळी दिली तर ती त्या आधी त्याला खायला लावत, असं सांगतात.

सहा माणसांनी हातमोजे घालून काच उचलली आणि चौकटीत धरली. काच आत जाईना. थोडी तिरकी केली, जाईना. उलटी केली, जाईना. तळाला खांबांच्या मध्ये ती नीट उतरत होती; पण घोट्याच्या वर दोन्ही बाजूंनी दगडाला अडत होती.

आता सल्ल्यांना तोटा नव्हता. एक म्हणाला, उन्हानं काच फुगलीय, सावलीत ठेवा. दुसरा म्हणाला, साबण लावा. जोतीराम पाटील खास बघायला आले होते, ते हळूच म्हणाले, "दगड घासा की इंचभर, कुणाला कळतंय?" आणि वारसा यादीतल्या दगडाविषयी उघड्यावर असं बोलल्याबद्दल साहेबांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं. झुंबरबाई म्हणाल्या, "एवढी माणसं लागायलीत म्हंजे काच न्हाय बसायची. बसणारी वस्तू दोघांत बसतीया."

साहेबांनी शिसवी मीटर काढलं आणि काचेकडं निघाले. तेवढ्यात अनेकांत आडवा आला.

"राहू द्या, साहेब," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आमच्याकडनंच चुकलं असंल. काच मोठी झाली असंल. सोमवारी परत न्हेतो."

गर्दीचं समाधान झालं. चूक कुणाची ते कळल्यावर माणसं जेवायला जायला मोकळी होतात. 'ही आजकालची पोरं', 'पूर्वीचे कारागीर राहिले नाहीत' असं म्हणत सगळी पांगली. काच आतल्या भिंतीला टेकवून ठेवली होती. साहेब तिथंच उभे राहिले. चौतीस वर्षांत त्यांनी आतून पोखरलेल्या वजनांचे मालक बघितले होते, तळाशी चिंच चिकटवलेली मापं बघितली होती. पंचनामा पुढ्यात ठेवला तरी 'हे आमचं न्हवंच' म्हणणारे बघितले होते. तपासणीच्या आधीच गुन्हा कबूल करणारा व्यापारी त्यांनी आजवर बघितला नव्हता. यात नक्की काहीतरी होतं.

कुणी नाही असं बघून त्यांनी काचेला मीटर लावलं. कागदावर होतं तेवढंच भरलं. एक मिलिमीटर इकडं नाही, तिकडं नाही.

मग ते दाराकडं आले. पुन्हा उंबऱ्यावर माप घेतलं: अठराशे छत्तीस. मग इकडंतिकडं बघून, एखादं वाईट काम करावं तसं, त्यांनी मीटर उचललं आणि गुडघ्याच्या उंचीवर हवेत धरलं. अठराशे नऊ. कमरेच्या उंचीवर धरलं. अठराशे नऊ. छातीशी धरलं. तेच.

सत्तावीस मिलिमीटर.

त्यांनी वाकून खांबांच्या तळाशी हात फिरवला आणि त्यांना उलगडा झाला. एकशे चाळीस पावसाळे ही मंडळी देवाच्या घरी शिरण्याआधी चपलेच्या तळव्याचा चिखल त्या दगडी खांबांच्या पायाला खरवडत आली होती. डावी चप्पल डाव्या खांबाला, उजवी उजव्या. दगड झिजून दोन्हीकडं चार बोटं उंचीची गुळगुळीत खोबण पडली होती. सगळ्या दारात रुंदी चुकीची लागेल अशी ती एवढी एकच जागा होती, आणि समुद्रेसाहेबांनी नियमानं नेमकी तीच मोजली होती. त्यांच्या आजोबांनीही तिथंच चप्पल खरवडली असणार. घरच्याच माणसांनी घात केला होता.

जिल्ह्यातला कुठलाही काटा ज्यांच्यापुढं थरथरला, ते साहेब उंबऱ्यावर बसून राहिले. आपण चुकलो याचं दुःख होतंच. पण त्याहून मोठा प्रश्न होता की या पोराला हे ठाऊक होतं, त्याच्याकडं सहीचा कागद होता, मग तो बोलला का नाही?

तडक रिक्षा करून ते राजारामपुरीत गेले. दुकानात अनेकांतचे वडील, बापूसो मगदूम, मागच्या गादीवर बसले होते. पूर्वी त्याच जागी त्यांचं कापडाचं दुकान होतं.

"बापूसो, तुमचा मुलगा खोटं बोलला."

"आमच्या जैनांत खोटं बोलत न्हाईत, साहेब," बापूसो शांतपणे म्हणाले. "'चुकलं असंल' म्हणालाय त्यो. 'असंल' म्हंजे असंल बी आणि नसंल बी. नाव उगंच न्हाय ठेवलेलं त्याचं."

"माप माझं चुकलंय."

बापूसो चटकन उठले आणि त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं. "हळू बोला की! बाजार हाय ह्यो!" मग ते जवळ येऊन बसले. "साहेब, एकोणतीस वर्षं माझं मीटर तुम्ही तपासलं. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्या म्हणायचो, समुद्रेसाहेबांचा शिक्का हाय ह्याच्यावर, जावा कुठं जायचं तिथं. गिऱ्हाईक गप. आता तुमचंच माप खोटं निघालं, तर म्या एकोणतीस वर्षं विकलेलं कापड काय म्हणायचं? त्यातल्या किती बायकांनी कोर्टात जायचं? आणि माझं एकट्याचं न्हवं. लक्ष्मीपुरीतला सगळा किराणा तुमच्या शिक्क्यावर चाललाय. तुम्हाला चुकायची मुभा न्हाय, साहेब."

"आणि पोराचं नाव गेलं ते?"

"पोरगं तरणं हाय. परत मिळवंल."

"माझा कागद द्या. सहीचा."

"फाडला."

"बापूसो!"

"बारीक बारीक करून फाडला," बापूसो समाधानानं म्हणाले.

घरी वर्षाराणीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "अहो, मग उद्या सांगा की सगळ्यांना. साक्षीच्या वेळेला उभं राहा आणि सांगून मोकळं व्हा. त्या लेकराचा काय दोष?" मग म्हणाल्या, "पण जरा नीट सांगा. तुम्ही सांगायला लागला की पंचनामा वाचल्यासारखं वाटतंय."

रविवारी साक्षीच्या वेळेला समुद्रेसाहेब उभे राहिले. एरवी तिथं माणसं आजारातून उठल्याच्या, नोकरी लागल्याच्या साक्षी देतात. साहेबांनी डायरीतून कार्बन प्रत काढली आणि तारीखवार, मुद्देसूद साक्ष दिली: माप मी घेतलं, उंबऱ्यावर घेतलं, दगड झिजलेला होता, सत्तावीस मिलिमीटर जास्त भरलं, मी बघितलं नाही, काचवाल्यानं दोनदा सुचवलं, मी ऐकलं नाही, काच बरोबर आहे, मी चूक आहे. शेवटी म्हणाले, "मला क्षमा करा."

 मग महिला मंडळातून हुंदका ऐकू आला.

"दादा!" मागून कुणीतरी उभं राहून म्हणालं, "तुमच्याकडनं मापात चूक? कुणाला सांगताय हे!"

"त्या पोराला वाचवायला लागलेत," दुसरा म्हणाला. "केवढं मन!"

"मी पुरावा दाखवतो," साहेब म्हणाले आणि कार्बन प्रत उंच धरली.

पंचकमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांनी ती हातात घेतली, चष्मा वर करून न्याहाळली आणि मान हलवली. "ही नक्कल आहे. मूळ प्रत कुठाय?"

"ती फाडली."

"मग?"

 चौतीस वर्षांत त्यांनी स्वतःही कुणाची नक्कल पुरावा म्हणून धरली नव्हती. "चला, दारात दाखवतो!" असं म्हणून ते दाराकडं निघाले, तेवढ्यात पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले. तयार केलेला उपदेश त्यांनी बाजूला ठेवला आणि दुसऱ्याचा अपराध आपल्या अंगावर घेणं म्हणजे काय, या विषयावर पन्नास मिनिटं बोलले. उदाहरण समोरच बसलेलं होतं. त्या दिवशी एकाही पुरुषाला फोन आला नाही.

व्हायचं ते झालं. उपदेश कुणीतरी मोबाइलवर घेतला होता. संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या शहरात फिरला. 'अशा देवमाणसाला खोटं बोलायला लावणारा काचवाला कोण?' अशी विचारणा सुरू झाली. सोमवारी साहेब दुकानात गेले तेव्हा अनेकांत दोन्ही हात डोक्याला लावून बसला होता. हातातली दोन कामं गेली होती.

"साहेब, तुम्ही कबूल केल्यावर जास्तच वाटोळं झालं माझं," तो म्हणाला. "म्या बी खरं सांगून बघितलं आता. काय म्हंत्यात, ठावं हाय? साहेबांवर ढकलतोयस व्हय रं, लाज वाटत न्हाय?"

"मग आता?"

"आता काच बसली पायजे. एवढाच उपाय हाय. बसलेल्या काचेला कोण काय विचारत न्हाय."

ते दोघं चर्चमध्ये गेले आणि त्या दाराकडं बराच वेळ बघत उभे राहिले. काच कापता येत नव्हती. दगड तासता येत नव्हता. शेवटी अनेकांत आतल्या भिंतीवर हात फिरवत म्हणाला, "चौकटीत बसत न्हाय न्हवं? मग चौकटीत बसवायचीच कशाला? आतनं ह्या भिंतीवर आडवी लोखंडी पट्टी मारू, तिला काच टांगू. सरकतं दार. दोन्ही बाजूंना भिंतीवर जरा चढलं की वारा बी येणार न्हाय, धूळ बी न्हाय."

"भिंतीवर किती चढायला हवी?"

"बोटभर बास झाली."

"म्हणजे काच दारापेक्षा किती मोठी हवी?"

अनेकांतनं साहेबांकडं बघितलं. साहेबांनी अनेकांतकडं बघितलं.

"इंचभर," अनेकांत म्हणाला. "हाय तेवढीच."

या वेळी माप अनेकांतनं घेतलं, जपानी यंत्रानं, हवेत. साहेब पाठ करून उभे राहिले.

चार दिवसांत दार बसलं. एका बोटानं ढकललं की काच अशी सरके की आवाज नाही, खटका नाही. परवानगीच्या कार्यालयातून पाहणीला एक अधिकारी आले. हातातल्या फायलीत बघत रस्त्यावरून थेट आत यायला निघाले आणि नाकावर आपटले. ठळक व पारदर्शक पट्टी नियमाप्रमाणं लावलेली होती.  मंजुरी उघडणाऱ्या दाराची होती, सरकणाऱ्या नव्हे. पण त्या गृहस्थांनी रुमाल नाकाला धरून फाईल मागवली आणि उभ्या उभ्या शेरा लिहिला: 'प्रत्यक्ष पाहणी केली. दरवाजा दर्शनी भागातून अजिबात दिसत नाही. वारशास बाधा नाही.'

रविवारी सगळ्यांनी दार बघितलं, आणि समुद्रेसाहेबांचं खरं हसं, किंवा खरा गौरव, काय म्हणायचं ते म्हणा, तिथं झाला.

"आत्ता कळलं!" जोतीराम पाटील भर दारात ओरडले. ते मुद्दाम आले होते. "सरकतं दार करायचं आधीपासनं मनात हुतं साहेबांच्या! म्हणून इंचभर जास्त माप दिलं हुतं! आणि आम्ही येड्यासारखं चौकटीत कोंबाय बघत हुतो!"

"तसं नाही हो, ही अनेकांतची कल्पना—" साहेब म्हणाले.

"बघा, श्रेयसुद्धा घेत न्हाईत," कुणीतरी म्हणालं.

"सत्तावीस मिलिमीटर!" पंचकमिटीतले ते वडीलधारे सद्गदित होऊन म्हणाले. "पंचवीस नाही, तीस नाही. सत्तावीस. याला म्हणतात माप."

अनेकांतवरचा डाग पुसला गेला, कारण आता चूक कुणीच केली नव्हती. गेलेली दोन्ही कामं परत आली. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यानं तर 'समुद्रेसाहेबांच्या मापाचं' दार मागितलं. पंचकमिटीनं उपासनेनंतर साहेबांचा सत्कार ठेवला. शाल, फुलं आणि एक मानपत्र, त्यात 'अचूक' हा शब्द पाच वेळा आला होता. भाषणाला उभं केल्यावर साहेबांनी पुन्हा एकदा सांगून बघितलं, की चपलेच्या चिखलानं दगड झिजला होता आणि ते आपल्या लक्षात आलं नव्हतं. लोक प्रेमानं हसले. पाळकसाहेबांनी 'नम्रता' असा एकच शब्द उच्चारून डोळे मिटले. वर्षाराणीबाईंनी पदर तोंडाला लावला; त्या रडत होत्या की हसत होत्या, हे साहेबांना तेवढ्या अंतरावरून तपासता आलं नाही.

सगळे चहाला गेल्यावर साहेब शाल पांघरून रिकाम्या बाकावर बसून राहिले. जन्मभर त्यांनी एकाही माणसावर पुरावा मागितल्याशिवाय विश्वास ठेवला नव्हता. आणि आता सगळं गाव त्यांच्यावर पुराव्याविरुद्ध विश्वास ठेवत होतं. ही शिक्षा कुठल्या कलमात बसते, ते त्यांना आठवेना.

"शांतवन, हिकडं ये."

पहिल्या बाकावर झुंबरबाई अजून बसलेल्या होत्या. साहेब जाऊन उभे राहिले.

"चुकलास न्हवं तू?"

साहेबांनी इकडंतिकडं बघितलं. "कोण म्हणालं, आजी?"

"कुणी कशाला म्हणाय पायजे? मला दिसत न्हाय व्हय? तुझा बा बी असाच. सोताच्या लग्नाची वरात मिरजंला न्यायची, तर निपाणीला घिऊन गेलता. आणि थितं उभा ऱ्हाऊन म्हंतोय कसा, रस्ता बरोबर हाय, गावच सरकलंय!"

"सत्तावीस मिलिमीटर चुकलो, आजी," साहेब अगदी हलक्या आवाजात म्हणाले.

"ते मला काय कळत न्हाय. चुकलास एवढं कळतंय."

साहेबांच्या छातीवरचा दगड उतरल्यासारखा झाला. अडीचशे सभासद, अख्खा बाजार आणि एक सरकारी कार्यालय. एवढ्या सगळ्यांत त्यांच्यावर संशय घेणारं एक माणूस तरी शिल्लक होतं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी अंगावरची शाल काढून म्हातारीच्या खांद्यावर घातली.

झुंबरबाईंनी शाल लगेच खाली ओढली, उलटी करून बघितली, काठ बोटांनी चाचपला आणि मान वर करून त्यांच्याकडं रोखून बघितलं.

"आता ही मला का दितोयस?"